येझदीचा भाव किलोने

परवा सकाळी मी गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सिलिंडर, आणायला लेथवाल्याकडे गेलो असताना, आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी माझी मोटारसायकल मला एका शब्दाने न विचारता भंगारवाल्याला विकायला काढली. सौदा फिसकटला तो केवळ भंगारवाल्याच्या सावधपणामुळे; काकांनी आपल्याकडून कोणतीही कसर ठेवली नव्हती.

गाडी येझदी आहे. अडीचशे सीसीची, दोन सायलेन्सरची, आणि काटोलकडच्या एका गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांखाली दबलेली मिळालेली. तिथून ती टेम्पोत घालून नागपुरात मानेवाड्याला आणली आणि तळमजल्यावरच्या आमच्या पोर्चमध्ये विटांवर उभी केली, एवढी हकिगत पुरे. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्यांचे घराणे 1961 पासून सुरू झाले आणि 1996 साली कारखानाच बंद पडला. 2022 मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले, परंतु त्या नव्या गाड्या चार स्ट्रोकच्या आहेत, माझी दोन स्ट्रोकची, आणि त्यांचे सुटे भाग माझ्या काही कामाचे नाहीत. जुन्या येझदीला किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा असतो. तो इंजिनाकडे दाबून मागे वर फिरवला की किक, गाडी सुरू झाल्यावर पुढे खाली पाडला की गिअर. एकाच कर्मचाऱ्याकडे दोन टेबलांचा पदभार असावा तशी ही व्यवस्था आहे आणि ती त्या कर्मचाऱ्याइतकीच कुरकुरत, पण चालते. शिवाय गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. नवखा माणूस या गाडीवर बसला की त्याचा पाय पहिल्यांदा हवेत गिअर शोधतो, आणि हे पाहण्यात जो आनंद आहे त्यासाठी मी ही गाडी घेतली, असे आमच्या घरात अधिकृत मत आहे.

नागपूरच्या मे महिन्यात पोर्चमध्ये काम करायचे तर ते सकाळी सहा ते नऊ याच वेळेत. त्यानंतर उन्हात राहिलेला दहा-अकराचा पाना हातात धरवत नाही आणि फरशीवर सांडलेले रॉकेल पुसायच्या आधी उडून जाते. दुर्दैवाने हीच वेळ आमच्या इमारतीतल्या तमाम निवृत्त मंडळींच्या फिरण्याची, दूध आणण्याची आणि झाडाला पाणी घालण्याच्या निमित्ताने लोकांच्या पोर्चमध्ये डोकावण्याची आहे. इंजिनात ठिणगी पाडणारे जे दोन पॉइंट असतात, त्यांचे अंतर 0.4 मिलिमीटर ठेवायचे असते. फीलर गेजचे पाते दोन पॉइंटांच्या मध्ये घालावे, ते किंचित अडखळत पण न अडकता सरकले पाहिजे, आणि त्याच अवस्थेत श्वास रोखून स्क्रू आवळावा, तर नेमके त्या क्षणी फाटकातून कोणी तरी विचारते, "काऊन जी, बिघडली का गाडी?" फ्रेम विटांवर आहे, इंजिन पाटावर आहे, चाके भिंतीला टेकली आहेत आणि टाकी आतल्या खोलीत पलंगाखाली आहे. या स्थितीत गाडी बिघडली का, या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही.

काका असे प्रश्न विचारत नाहीत. ते एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांनी माझ्या पोर्चचे परीक्षण स्वतःकडे घेतले आहे. वरून येताना ते आपली प्लास्टिकची खुर्ची बरोबर आणतात, कुलरच्या झोतात ती नीट लावतात, वर्तमानपत्र उघडतात आणि त्याच्या वरून माझ्याकडे पाहत राहतात. आजवर त्यांनी एका वायसरलाही हात लावलेला नाही. परंतु "काल या डब्यात तीन नट होते, आज दोनच दिसून राह्यले," ही नोंद त्यांच्याकडून हमखास येते, आणि संतापाची गोष्ट अशी की ती बरोबर असते.

तर परवा मी ब्लॉक पोत्यात गुंडाळून परत आलो. अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज बोअर मारून घेतलेला, आतून आरशासारखा लख्ख झालेला तो ब्लॉक कोणाला तरी दाखवावा, अशी इच्छा मनात होती. फाटकाशी भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. पोर्चमध्ये भंगारवाला माझ्या फ्रेमचा एक कोपरा उचलून वजनाचा अंदाज घेत होता, आणि काका खुर्चीत बसून विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडत होते.

"या, या," काका म्हणाले. "तुमचंच काम चालू आहे."

"काका, हे काय?"

"हा लोखंडाचे पंचवीस म्हणत होता. मी तीस म्हटलं. अठ्ठावीसवर आला. इंजिन तर हा सरसकट लोखंडातच मोजत होता जी! मी म्हटलं, बाप्पा, ॲल्युमिनियमचा भाव वेगळा लाव. तुम्ही असते तर फसले असते."

"पण मला गाडी विकायचीच नाही."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, सगळ्या पोर्चवरून एकवार हात फिरवला आणि अत्यंत मृदू स्वरात म्हणाले, "गाडी कुठं आहे पण?"

यावर मी बोलण्याआधीच त्यांनी बिलाचा कागद पुढे केला. त्यावर डावीकडे भंगाराचे उत्पन्न आणि उजवीकडे दंड, असे दोन रकाने रीतसर आखलेले होते. काकांनी मोटार वाहन अधिनियम, 1988 मोबाइलवर वाचला होता. कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम 182अ प्रमाणे मालकाने असा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. यातले 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द काकांना फार आवडले असावेत, कारण त्यांच्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

"हँडल खाली घेतलं, पाच हजार. मागचं मडगार्ड कापलं, पाच. सीट एकट्याची केली, दहाचे झाले पंधरा. टाकी लालची हिरवी केली, वीस. भंगाराचे येऊन राह्यले साडेचार. म्हणजे गाडी ठेवली तर वीस गेले, विकली तर साडेचार आले. फरक किती? साडेचोवीस हजारांचा. कैद मी धरलीच नाही."

"काका, रंगाची नोंद आरसीवर करून घेता येते. आणि सीट मी अजून कापलेलीही नाही, नुसती खडूने रेघ मारली आहे."

"तरतूद करून ठेवावी लागते," काका म्हणाले.

आमचा हा संवाद चालू असताना भंगारवाला फ्रेमच्या मानेपाशी उकिडवा बसला होता. त्याने अंगठ्याच्या नखाने तिथला काळा थर खरवडला, थुंकी लावून पुसले, मान वाकडी करून पाहिले आणि उठून उभा राहिला.

"साहेब, चेसिस नंबर साफ दिसून राह्यला. कागज चालू आहे का?"

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कोणीही विचारलेला नव्हता. मी छाती फुगवून सांगितले की कागद चालू आहेत, माझ्या नावावर आहेत आणि नूतनीकरणही झालेले आहे.

"मंग मी नाही घेत. चालू कागजाची गाडी कापली तं उद्या पोलिस मलेच धरते. आरसी कॅन्सल करून आणा, मंग बोलू."

काका खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा, मंजूर झालेले बिल आक्षेप लावून परत आल्यावर व्हावा तसा झाला होता. "अरे, मी लिहून देतो ना. राजपत्रित अधिकारी होतो मी. वॉचमनची सही घेऊ साक्षीदार म्हणून."

"वॉचमनले काय विचारते पोलिस? मले विचारते."

या संपूर्ण प्रकरणात कायद्याची बूज राखणारा एकटा भंगारवाला होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. तो गेल्यावर काकांनी खिशातून 110 रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि पावती हवी आहे का, असे विचारले. मी येण्यापूर्वी त्यांनी 'फुटकळ माल' आधीच देऊन टाकला होता. त्यात जुनी चेन होती, घासलेले स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, होते, ते गेले याचे दुःख नाही. परंतु पुढच्या मडगार्डचा मूळ स्टे, म्हणजे त्याला धरून ठेवणारा आधार, हाही त्यातच गेला होता, आणि तो मिळवण्यासाठी मी इतवारीच्या लोहा ओळीत दुकानामागून दुकान पालथे घातले होते. मी ब्लॉक तिथेच ठेवून हातगाडीमागे धावलो. चौकाच्या अलीकडे गाठले. किलोच्या भावाने घेतलेला तो स्टे भंगारवाल्याने, माझा घामाने भिजलेला चेहरा पाहून, मला नगाच्या भावाने परत विकला: 200 रुपये. एक पैसा कमी केला नाही.

परत आलो तेव्हा काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट नका वाटून घेऊ," ते म्हणाले. "नोकरीचं काही झालं असेल तर मोकळेपणानं सांगा. लपवाचं काय त्यात?"

तेव्हा मला समजले की हा सगळा उद्योग दयेपोटी चालला होता. माझ्या हाताला ऑइल लागलेले पाहून काकांनी आणि बहुधा संपूर्ण इमारतीने ठरवून टाकले होते की याची नोकरी गेली. याच इमारतीत एक गृहस्थ सकाळी दीड तास ट्रेडमिलवर जागच्या जागी धावतात, दुसरे मोबाइलवर शेअरचे आकडे पाहत पायऱ्यांवर बसतात, त्यांच्याबद्दल कोणाला शंका येत नाही. शिकलेल्या माणसाने घाम गाळावा, पण त्यातून काही तयार होता कामा नये, एवढीच आमची अट दिसते. पाना हातात धरला की तो माणूस संकटात आहे. लोक आमच्याकडे पुस्तकांची पूजा करतात आणि खंडेनवमीला हत्यारांचीही करतात, पण हत्यारे त्या एका दिवशी धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून ठेवलेली असावीत. एरवी ती हातात दिसली की जावयाच्या ओळखीने कुठे चिकटवता येईल का, याची चर्चा सुरू होते.

आणि हे केवळ काकांचे नाही. ज्याने तो ब्लॉक इतका सुरेख करून दिला, त्या लेथवाल्याला मी म्हटले की तुमचा हात मुलाने घ्यायला हवा. लेथवरून मान वर न करता तो म्हणाला, "कायले जी? त्याले एसीत बसवाचं आहे." येझदीचा क्रँक नीट जुळवून देणारे हात शहरात आता मोजके उरले आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही शेजारी शिकाऊ पोरगा दिसत नाही.

सरकारचेही काही वेगळे म्हणणे नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्याचे दुचाकीचे शुल्क 2022 सालीच 300 वरून एकदम 1,000 रुपये झाले होते, वर पर्यावरण कर वेगळा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असल्यामुळे नव्या उच्च सुरक्षा पाटीचे दुचाकीसाठीचे 450 रुपये आणि त्यावरचा जीएसटी हेही भरायचे. पैशाबद्दल माझी तक्रार नाही. माझे इंजिन पेट्रोलबरोबर ऑइल पिते आणि धूर सोडते, हे मला मान्य आहे. तक्रार एवढीच की जी वस्तू दुरुस्त होऊ शकते ती दुरुस्त करणारा माणूस सगळ्यांच्या हिशेबात उजव्या रकान्यातच का पडतो, काकांच्याही आणि कायद्याच्याही?

असो. पिस्टनला रिंगा चढवून, त्यांच्या फटी खोबणीतल्या पिनांवर नीट बसवून, काल सकाळी मी ब्लॉक बसवत होतो. वरची रिंग आत गेली होती आणि खालची नखाने दाबून धरली होती, अशा वेळी खुर्चीचा ओळखीचा आवाज आला. काकांच्या दुसऱ्या हातात मिक्सर होता.

"नुसता घुर्रर्र करते, भांडं फिरतच नाही. काकूंनी म्हटलं, तुम्ही रिकामेच आहात तर पाहून घ्याल. घाई नाही."

मी रिंग सोडली. भांडे काढून पाहिले. खालच्या कपलरचे दाते पार झिजून गेले होते. बर्डीच्या बाजारात मिळेल, मी सांगितले.

"किती लागतील?"

"तीस-चाळीस."

काकांनी वर्तमानपत्र उघडले, पहिले पान पाहिले, उलटले, आणि त्याच्या आडून म्हणाले, "मग कालचे एकशे दहा आहेत ना तुमच्याजवळ, त्यातून वळते करून घ्या. बाकीचे राहू द्या, कुकरच्या शिट्टीचंही काम निघणार आहे."