आधी नळाला पाणी आणा, मग टॉवर बांधा

सकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "टँकर उशिरा येईल, पाणी जपून वापरा." अरे, नळाला काही येत असेल तर जपू ना! नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पुढे फ्लॅट घेतला तेव्हा ब्रोशरमध्ये कारंजं होतं. आता पाणीपट्टी भरतो, मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे वेगळे भरतो, आणि ज्या गावाच्या विहिरीतून टँकर भरून येतो त्या गावाच्या शिव्या फुकटात.

आणि शेजारच्या प्लॉटवर काय चाललंय? नवीन खोदकाम. चार टॉवर, वर स्विमिंग पूल! याला परवानगी देताना पाणी कुठून येणार हे कुणी विचारलं का? गंगापूर, दारणा, मुकणे, शहराची सगळी भिस्त या तीन धरणांवर. गंगापूर धरणात गाळ साचलाय. त्यात जायकवाडी भरलं नाही की पाणीवाटपाच्या 2005 च्या कायद्यानुसार वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. बरोबरच आहे, मराठवाड्यातली माणसं काय हवा पिणार? पण मग उरलेल्या पाण्याचा हिशोब करूनच इमारती मंजूर करा ना! 2001 ला शहराची लोकसंख्या 10.77 लाख होती, 2011 ला 14.86 लाख. 2021 ची जनगणना झालीच नाही. म्हणजे माणसं किती हे मोजलेलं नाही, मजले मात्र मोजून विकताहेत.

आमच्या खालचे काका म्हणतात, "बाहेरच्यांनी वाट लावली." काका स्वतः जळगावचे, इथल्याच अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरीला म्हणून आलेले! बाहेरचे म्हणजे नेमके कोण, काका? त्या खड्ड्यात घमेली उचलणारे आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतले आहेत. तिकडं पावसाळ्यात आभाळ फाटतं, पण डोंगरउतार आणि काळा खडक, पाणी थांबत नाही. दमणगंगा, पार या नद्यांवाटे ते गुजरातकडं निघून जातं. उन्हाळा आला की विहिरी तळाला जातात, बाया हंडे घेऊन कोस कोस हिंडतात. शेवटी घराला कुलूप लावून माणसं नाशिकच्या मजूर नाक्यावर येऊन उभी राहतात. गावात प्यायला पाणी नाही म्हणून जे आले, तेच इथं आपल्यासाठी स्विमिंग पूल बांधताहेत. यांच्यावर कसला राग काढता?

हे असंच चाललं तर 2050 चं नाशिक मला आत्ताच दिसतंय. इकडं इगतपुरी, तिकडं ओझर, सगळं एकच शहर. मनमाड, येवला, सुरगाणा रिकामे, त्यांची सगळी माणसं इथं तिसाव्या मजल्यावर. टँकरची बुकिंग अ‍ॅपवर, सणासुदीला भाव दुप्पट. नगरसेवक निवडून येतो तो टँकरमालकच. जाहिरातीत मात्र तेच, "गोदेच्या काठी, निसर्गाच्या कुशीत". कुशीत काय, लोक हंडे घेऊन रांगेत!

2027 च्या सिंहस्थाची तयारी जोरात आहे, रस्ते खोदलेत, घाट सजताहेत. होऊ द्या. पण त्याच खोदकामात आमच्या भागाची पाइपलाइन टाकायला काय हरकत होती? विचारलं तर उत्तर, "प्रस्ताव आहे."

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. विषय: टँकरचा खर्च फ्लॅटप्रमाणे वाटायचा की माणसांप्रमाणे. दोन तास भांडतील. मी आधी बिल्डरचं पाण्याचं हमीपत्र मागणार आहे. सेक्रेटरी, फाइल घेऊन या.