सातबारा सगळ्यांना दिसतो, फेरफार सगळ्यांना करता येत नाही

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, शिक्षकांच्या दोन ग्रुपवर आला आणि शेवटी परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या खरेदी समितीच्या बैठकीत गणिताच्या सरांनी तो मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवला. तो लिनक्सबद्दल, म्हणजे संगणकावर विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या मोफत प्रणालीबद्दल होता, आणि थोडक्यात असा : "शाळा-कॉलेजात लिनक्स टाकू नका. त्याचा कोड जगात कोणालाही बदलता येतो, म्हणजे कोणीही त्यात व्हायरस घालू शकतो. फावल्या वेळात हौशी मंडळी ते फुकट बनवतात, त्यामुळे जबाबदार कोणीच नाही. ती मंडळी आपसात सतत भांडतात. २०२४ मध्ये त्यात बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, सापडलं, आणखी काय पुरावा पाहिजे? आणि मराठी माध्यमाच्या पोरांना त्याचा उपयोग शून्य."

बैठकीत विषय निघायला कारण होतं. आमच्या लॅबमध्ये २४ मशीन आहेत. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि आमच्या बहुतेक मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. नव्या मशीनला पैसे नाहीत. लिनक्स टाकलं तर याच मशीनवर पोरं अजून काही वर्षं शिकू शकतात. म्हणून हा मजकूर मला नुसता डिलीट करून चालणार नाही, त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा आहे : "कोणालाही बदलता येतो."

आपल्या गटाचा सातबारा आज कोणीही मोबाईलवर पाहू शकतो. म्हणून कोणी उठून त्यावर स्वतःचं नाव चढवतं का? फेरफार धरावा लागतो. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, तेव्हा कुठं सातबाऱ्यावर नाव येतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्यातला बदल जवळपास याच वाटेनं जातो. कर्नलची प्रत स्वतःच्या मशीनवर उतरवून त्यात हवं ते करायला लायसन्सनं सगळ्यांना मोकळीक दिलीय, हे खरं. पण ती तुमची प्रत झाली. साऱ्या जगाकडे जाते ती प्रत वेगळी. तिच्यात स्वल्पविराम बदलायचा तरी पॅच, म्हणजे कुठली ओळ कशी बदलायची ते सांगणारी चिठ्ठी, लिहून ईमेलनं पाठवावा लागतो.

तो पाठवायचा कोणाला, तेही ठरलेलं असतं. कर्नलच्या कोडसोबतच मेंटेनरांची, म्हणजे एकेक भाग सांभाळणाऱ्यांची, यादी येते : नेटवर्कचा कोण, साऊंडचा कोण, कुठल्या ड्रायव्हरचा (मशीनचा एखादा भाग चालवणाऱ्या कोडचा) कोण. पॅच त्यांच्याकडे जातो आणि त्याच वेळी उघड्यावरही पडतो, म्हणजे हरकत घ्यायला नोटीस मिळण्याची वाट बघावी लागत नाही. मेंटेनरला पटलं तर तो बदल त्याच्या शाखेत, म्हणजे त्याच्याकडच्या प्रतीत जातो. तिथून सगळ्यांचे बदल एकत्र करून बघण्याच्या शाखेत जातो आणि मग लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे. त्यांच्याकडे नवे बदल घ्यायची खिडकी दोन आठवडे उघडी असते. ती बंद झाली की पुढं साधारण सात आठवडे फक्त दुरुस्त्या, दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती. नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल बाहेर पडतं आणि त्यात दहा हजारांहून जास्त बदल असतात. प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ असते. हा रिवाज २००४ पासूनचा. लिहिणारा आपलं नाव घालतो, आणि बदल ज्या ज्या मेंटेनरच्या हातून पुढं सरकतो तो त्याखाली आपलं नाव जोडतो.

हे ऐकून पटत नाही, बघितल्यावर पटतं, म्हणून एक बघितलेली गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं, जिंतूर तालुक्यातून रोज एसटीनं येते ती, आपला पहिला पॅच पाठवला. कर्नलमध्ये स्टेजिंग नावाचा भाग आहे, तिथं अजून पक्के न झालेले ड्रायव्हर असतात. नवख्यांनी तिथून सुरुवात करायची अशी पद्धत आहे. तिला एका ड्रायव्हरमध्ये दिसलं, की एका व्हेरिएबलला (किंमत ठेवायच्या जागेला) वर शून्य दिलंय आणि चार ओळींनी खाली त्याच व्हेरिएबलमध्ये पुन्हा दुसरी किंमत भरलीय. मग वरची ओळ कशाला? ती ओळ काढायची, एवढाच तिचा पॅच.

पहिला मेल तिनं मोबाईलवरून पाठवला. तो लगेच परत आला. "सर, मेल माघारी यायलाय. काय चुकलंय कळंना." चूक ही, की मोबाईलच्या ॲपनं मजकूर सजवून पाठवला होता आणि तिथं फक्त साधा मजकूर चालतो. दुसऱ्यांदा तिनं गिटमधून, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून, नीट पाठवला. थोड्या वेळात एका यंत्राचं उत्तर आलं : बदल काय केला ते दिसतंय, का केला ते लिहिलेलं नाही. तिसऱ्यांदा तिनं कारण लिहिलं. दोन दिवसांनी एका अनोळखी माणसानं एकच प्रश्न विचारला. मधल्या चार ओळींत चूक झाली तर फंक्शन (कोडचा तो तुकडा) तिथूनच बाहेर पडतं. ही ओळ काढल्यावर अशा वेळी व्हेरिएबलमध्ये काय असेल?

ती दोन संध्याकाळ लॅबमध्ये बसून तपासत होती. हरकत बरोबर निघाली. त्या वाटेनं बाहेर पडल्यावर व्हेरिएबलमध्ये कचरा राहिला असता आणि पुढचं फंक्शन तो कचरा खरा धरून चाललं असतं. तिनं लिहून कळवलं की पॅच मागं घेते. एक ओळ होती, ती लिहायची नव्हती, काढायची होती, आणि पाठवणारी मुलगी प्रामाणिक होती. तरीही ती ओळ पुढं सरकली नाही.

वाईट हेतूनं घुसायचा प्रयत्न झालेला नाही असं नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये कर्नलच्या एका दुय्यम सर्व्हरवर कोणीतरी शिरलं आणि दोन ओळी घालून गेलं. सी भाषेत '==' म्हणजे तुलना आणि '=' म्हणजे किंमत भरणं. त्या ओळीत "वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?" असं विचारल्यासारखं वाटत होतं, पण चिन्ह एकच होतं, म्हणजे ती ओळ त्याचा क्रमांक शून्य करून टाकत होती. शून्य क्रमांक म्हणजे मशीनचा मालक. वाचताना डोळ्यांतून सहज निसटेल अशी ही चोरी होती. पण ती पकडली गेली, कारण मूळ नोंदवहीत या बदलाला मंजुरीची नोंदच नव्हती. दोन वह्या जुळल्या नाहीत. तो बदल मुख्य कर्नलमध्ये कधी पोचलाच नाही. पुढं मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास म्हणून मुद्दाम सदोष पॅच पाठवले. २०२१ मध्ये ते प्रकरण चिघळलं तेव्हा त्या विद्यापीठाकडून आधी आलेले सगळे बदल पुन्हा तपासायला घेतले. कोणता बदल कोणाचा, हे लिहून ठेवलेलं असल्यामुळंच असं करता आलं.

"हौशी मंडळी, जबाबदार कोणी नाही." १९९१ मध्ये हे खरं होतं. हेलसिंकीत शिकणाऱ्या टोरवाल्ड्सनी त्या ऑगस्टमध्ये स्वतःच लिहिलं होतं, की हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. तेवढंच धरून आज बोलणं म्हणजे आजोबाच्या कुडाच्या घराचा फोटो दाखवून नातवाचा बंगला पाडण्यासारखं आहे. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात बिनपगारी लोकांचा वाटा सुमारे आठ टक्के होता. बाकीचं बरंचसं काम इंटेल, रेड हॅट, गुगल अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात, कारण त्यांचा धंदा त्यावर उभा आहे. अँड्रॉइड फोनमध्ये हेच कर्नल असतं. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. लायसन्समध्ये हमी दिलेली नाही, हे मान्य. पण विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करार एकदा पूर्ण वाचा, तिथंही कंपनीनं आपली जबाबदारी आखडूनच घेतलेली असते. इथं निदान प्रत्येक ओळीमागचं नाव तुम्हाला काढता येतं.

भांडणाबद्दल मी वाद घालणार नाही, ते भांडतात. टोरवाल्ड्स यांची भाषा अनेक वर्षं इतकी कडवट होती की सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही दिवस कामातून बाजूला झाले आणि त्याच वेळी वागणुकीचे नियम आले. शिव्या खाऊन निघून गेलेल्या माणसांचं नुकसान त्यानं भरून निघत नाही. पण हरकत घेणं आणि अपमान करणं या दोन गोष्टी आहेत, आणि मजकूर लिहिणाऱ्यानं त्या एकाच पोत्यात भरल्यात. हरकत घेतली नाही तर काय होतं ते डेबियनमध्ये, म्हणजे लिनक्सचा तयार संच मोफत देणाऱ्या प्रकल्पात दिसलं. २००६ मध्ये तिथल्या एका मेंटेनरनं ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या साधनातल्या दोन ओळी बंद केल्या, कारण तपासणीच्या साधनाला त्या खटकत होत्या. त्यानं आधी विचारलंही होतं. उत्तर वरवरचं आलं, त्रास होत असेल तर काढा अशा अर्थाचं, आणि कोणी हटकलं नाही. त्या ओळींमुळं गुप्त किल्ली बनवताना आकड्यांत अनिश्चितता येत होती. ती गेली आणि शक्य किल्ल्या प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२,७६८ उरल्या. एवढ्या तर साधा संगणक एकामागून एक लावून बघतो. हे मे २००८ मध्ये बाहेर आलं, जवळपास वीस महिन्यांनी. त्या दिवशी कोणी जरा वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आता २०२४ चं बॅकडोअर. मजकुरातला हा एकच मुद्दा असा आहे की त्याला मी हात जोडून सामोरा जातो, कारण तो खरा घडला आणि गंभीर होता. ते बॅकडोअर कर्नलमध्ये नव्हतं. एक्सझेड नावाचं फाइल आवळून लहान करायचं साधन आहे, त्यात होतं. ते साधन एक माणूस बिनपगारी सांभाळत होता आणि थकला होता. जिया टॅन या नावानं कोणीतरी दोन-अडीच वर्षं नीट काम करून त्याचा विश्वास मिळवला. दुसऱ्या काही खात्यांवरून त्या माणसावर दबाव येत राहिला, की तू मंद आहेस, दुसऱ्याला हक्क दे. हक्क मिळाल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत विष घातलं गेलं. ते घातलं कसं, हे मात्र मजकूर सांगत नाही. मुख्य भाग चाचणीच्या फाइलींत दडवला होता, आणि तो जागा करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या गिटच्या नोंदीत नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे चोरानंसुद्धा उघडी वही टाळली, कारण तिथं कोणीतरी वाचेल याची त्याला भीती होती.

आणि सापडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या मशीनवर एसएसएचनं, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या साधनानं, आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. कोड त्याच्यासमोर उघडा होता, म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला. २९ मार्च २०२४ ला त्यानं जाहीर केलं. तोवर ते डेबियनच्या आणि इतरांच्या चाचणी आवृत्त्यांत पोचलं होतं, स्थिर आवृत्तीत नाही. यात नशीबही होतं, ते मी नाकारत नाही. एकट्या थकलेल्या माणसावर अख्ख्या जगानं भार टाकावा हा दोष आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. पण त्यावरून लॅबसाठी निघणारा धडा वेगळा आहे : स्थिर आवृत्ती टाका, अपडेट चालू ठेवा, नवी आवृत्ती आली की उड्या मारू नका.

मराठीचा मुद्दा लवकर उरकतो. डेबियन मराठीतून बसवता येतं. मराठी अक्षरांचा लोहित फॉन्ट मोफत आहे, भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. मी आमच्या एका मशीनवर 'सुऱ्या', 'दऱ्या', 'सोयऱ्याला' टाइप करून पाहिलं. 'ऱ्य' मधला अर्धा र, जो मराठीत लागतो, तो बरोबर आला. कुठं चुकला असता तर तो दुरुस्त करायला कोणाकडे मागणी करत बसावं लागलं नसतं, चूक नोंदवून दुरुस्ती आपणच पाठवू शकलो असतो.

"मराठी माध्यमाच्या पोरांना उपयोग शून्य" याचं उत्तर मात्र मला त्या मुलीकडं बघूनच द्यावंसं वाटतं. पहिला पॅच मागं घेतल्यावर तिनं तीन आठवड्यांनी दुसरा पाठवला. त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या. इंग्रजी तिची मोडकी होती, कोणी त्यावर बोट ठेवलं नाही, कारण बदल बरोबर आहे का, हेच तिथं विचारलं गेलं. तो स्वीकारला गेला. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या या मुलीचं पूर्ण नाव आता कर्नलच्या इतिहासात आहे, आणि जगात जिथं जिथं त्याची प्रत जाते तिथं तेही जातं.

समितीची पुढची बैठक सोमवारी आहे. आधी सहाच मशीनवर डेबियनची स्थिर आवृत्ती टाकू, सत्रभर बघू, मग बाकीच्यांचं ठरवू, असा माझा प्रस्ताव आहे. गणिताच्या सरांना मी म्हटलंय, मजकूर बाजूला ठेवा, बदल कसा होतो ते प्रोजेक्टरवर दाखवतो. ते तयार झाले. कुठला पॅच दाखवायचा ते मी तिच्यावर सोडलं होतं, आणि मला वाटलं होतं ती स्वीकारलेला दाखवेल.

"नाही सर," ती म्हणाली, "पहिलाच दाखवते. कोणी काय विचारलं, ते त्यात सगळं हाय."