वजन जैसे थे राखण्याचं शास्त्र

वजन कमी करायचं ठरवलंत, अभिनंदन. आता ते होऊ नये म्हणून काय काय करावं लागतं ते नीट समजून घ्या, कारण नुसत्या आळसावर विसंबून चालत नाही. आळशी माणूस कधीकधी चुकून बारीक होतो.

सुरुवात खरेदीपासून. पावलं मोजणारं घड्याळ हवं, डिजिटल वजनकाटा हवा, मोबाइलवर ॲप हवं. शिंप्याकडची टेप तेवढी घरात आणू नका. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात, हे ती टेप तोंडावर सांगते आणि तिला चार्जिंगही लागत नाही. काट्यावर मात्र रोज उभे राहा. कधी सकाळी उपाशीपोटी, कधी रात्री जेवून, म्हणजे आकड्यांचा एकमेकांशी संबंध राहणार नाही. पहिल्या आठवड्यात भात-पोळी कमी केली की दीड-दोन किलो उतरतात. त्यात बरंचसं पाणीच असतं. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर; त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, साठा आटला की तेही जातं. याची वाच्यता करू नका. आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि त्या आनंदात रविवारी बाहेर जेवून या. पाणी परत येईल.

सकाळी ठाण्यातल्या उपवन तलावावर चालायला जा. सत्तर किलोचा माणूस सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर चालला तर साधारण २५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात जवळपास तेवढ्याच, किंवा थोड्या जास्तच, असतात. म्हणून परतताना एक खा, हिशेब बरोबर सुटतो. मिसळ घेतलीत आणि वर कटाची दुसरी वाटी मागितलीत तर बाकी तुमच्याकडेच राहील. दुधीचा रस पिणाऱ्यांना एक सूचना, आणि ही उपरोधाने नाही: रस कडू लागला तर तिथेच थुंकून टाका. कडू दुधी विषारी असू शकतो.

मग भात सोडल्याचं जाहीर करा. पोहे, इडली, डोसा, घावन आणि तलावपाळीवरची कुरमुऱ्यांची भेळ हे सगळं तांदळाचंच असलं तरी भात नव्हे. साखरही सोडा आणि चहात गूळ घाला. कॅलरीत फरक नावापुरता, पण गूळ नैसर्गिक म्हणून खडा मोठा टाकता येतो. नाचणीची बिस्किटं आणा, पण पुडा समोरूनच वाचा. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तिथे मैदा पहिल्या ओळीत आणि नाचणी पार शेपटाला सापडण्याचा संभव असतो.

उपवास शक्य तितके वाढवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी. त्यावर ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १७०, तूप वेगळं. एवढं पुण्य रोजच्या वरण-पोळीत कुठलं?

ऑफिसच्या डब्यात फक्त काकडी-गाजर न्या. मटकीची उसळ, उकडलेली अंडी, घट्ट वरण कटाक्षाने टाळा. प्रथिनं पोटात गेली की पोट बराच वेळ भरलेलं राहतं, आणि मग परतीच्या लोकलमध्ये मुलुंड मागे पडताना जी भूक पेटायला हवी ती पेटतच नाही. घरी दहाला जेवा, मुलाच्या ताटातलं उरलेलं संपवा. उभ्याने खाल्लेलं ॲपमध्ये नोंदवायचं नसतं.

हे सगळं चुकलं तरी एक गोष्ट तुम्हाला तारून नेईल. तेल मोजू नका. १५ मिलिलिटरच्या एका चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, म्हणून चमचा ओट्यावर दिसताच कामा नये. डब्यातून थेट धार सोडा आणि कढईचा तळ झाकला की थांबा. कढई जितकी पसरट, तितकं तेल जास्त लागतं, तेव्हा घरातली सर्वांत मोठीच काढा. वांगी तेल पितात, त्यांना पिऊ द्या, मग कोरडी दिसतात म्हणून आणखी घाला. लाकडी घाण्याचं तेल आणलं असेल तर हात अजून सैल सोडा. ग्रॅममागच्या नऊ कॅलरी घाण्यामुळे बदलत नाहीत, पण मनाला फार बरं वाटतं.

चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे ३४० कॅलरी, कुणाच्याही ताटात न दिसता पोटात जातात. बाहेरचं खाणं याच्यात नाही. धोका एकच: घरातलं कुणीतरी परस्पर तीनच लिटर आणेल, पहिल्या तारखेला बाजूला काढेल आणि म्हणेल, यातच महिना काढायचा. तसं झालं तर माणशी रोज सुमारे १३५ कॅलरी कमी होतील, आणि बाकी खाणं तेच राहिलं तर महिन्याला जवळपास अर्धा किलो चरबी हातची जाईल, तीही घड्याळाला न कळता. अशा वेळी वाद घालू नका. भाजीला चव नाही एवढंच म्हणा आणि वीस तारखेच्या सुमारास ॲपवरून गुपचूप आणखी दोन लिटर मागवा.