"मला कुणी सांगितलंच नाही"

आज दुपारी एका कॉलवर हे वाक्य ऐकलं, तेव्हापासून डोकं फिरलंय. क्लायंटने विचारलं, डेटा अर्धवट कसा आला? मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मला टीममधल्या कुणी सांगितलंच नाही." टीमचे सहा जण कॉलवर होते. सहाही म्यूटवर.

त्यातल्याच एका मुलीने मंगळवारच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की ट्रायल रनमध्ये सगळा डेटा उतरत नाहीये, दोन दिवस जास्त लागतील. तेव्हा तिला मॅनेजरकडून उत्तर मिळालं होतं, "प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या."

आणि कॉल संपल्यावर याच माणसाचा तिला एकटीला मेसेज. "सॉरी गं, क्लायंटसमोर तसं बोलावं लागलं. समजून घे."

का समजून घ्यायचं तिने? अपमान चारचौघांत आणि माफी कानात?

टीम बांधायच्या ट्रेनिंगवर आणि सहलींवर कितीही पैसे ओता. वाईट बातमी घेऊन पहिला माणूस येतो, त्याच्याशी तुम्ही पुढची दोन मिनिटं कसं वागता, हे बाकीचे पाच जण डोळे बारीक करून बघत असतात. विश्वास तिथे बसतो, नाहीतर तिथेच उडतो. "कुणामुळे झालं?" हा पहिला प्रश्न आला की पुढच्या वेळी बातमी उशिरा येणार, हे ठरलेलं. आधी "कळवलंस ते बरं केलंस" म्हणा. मग विचारा, किती बिघडलंय, आत्ता काय थांबवायला हवं, तुला कोणाची मदत लागेल. कारणं नंतर शोधा, आणि शोधताना माणसाच्या नावाऐवजी कामाच्या कोणत्या पायरीवर चूक सुटली ते बघा.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधं देताना चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या टीम्समध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या, कारण तिथे लोक त्या उघडपणे बोलत होते. टोयोटाच्या कारखान्यात तर कामगाराच्या हाताशी दोरीच असते (आता काही ठिकाणी तिच्याऐवजी बटण). काही खटकलं की ओढायची, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. त्या मुलीने मंगळवारी दोरी ओढली होती हो. आणि तिला सांगितलं गेलं की सोल्यूशन आण. सोल्यूशन तिच्या हातात असतं तर ती सांगायला आली असती का? मुदत वाढवायचा अधिकार तिला नव्हता, त्याला होता.

बरं, मॅनेजरवरही वरून दबाव असतो, मान्य. काही जण खरंच गोष्टी लपवतात, तेही मान्य. पण इथे तिने लपवलं नव्हतं.

विश्वास गेला की कुणी येऊन सांगत नाही. त्याची लक्षणं ओळखावी लागतात. तीन दिवसांच्या कामाला माणसं पाच दिवस सांगायला लागतात, कारण एक दिवस उशीर झाला तर पाठीशी कुणी नसणार, हे त्यांना कळलेलं असतं. दोन मिनिटं बोलून सुटणाऱ्या गोष्टीवर "आपलं बोलणं झाल्याप्रमाणे" असा मेल येतो, सीसीमध्ये चार नावं. तो मेल म्हणजे पुरावा जमवणं. स्टेटस रिपोर्ट शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरवा, म्हणजे सगळं ठीक, असतो आणि मग एका रात्रीत लाल होतो. मीटिंगमध्ये "काही प्रश्न?" विचारलं की शांतता, आणि मॅनेजर नसलेल्या ग्रुपवर पन्नास मेसेज. राजीनामा अगदी शेवटी येतो, आणि तेव्हा साहेब म्हणतात, अचानक काय झालं?

हे सगळं एका मोठ्या दगाबाजीनेच होतं असंही नाही. "बघतो" म्हणून विसरल्याने होतं. वन-ऑन-वन, म्हणजे टीममधल्या एकेकाशी ठरलेली भेट, तिसऱ्यांदा रद्द केल्याने होतं. पंधरा दिवसांतून तीस मिनिटं द्या, पण ती हलवू नका. हलवावीच लागली तर त्याच दिवशी नवी वेळ द्या. सुरुवात कामाच्या स्टेटसने करू नका, ते रोज कळतंच. तुम्ही काय काय कबूल केलंत ते वहीत तारखेसह लिहा आणि त्या तारखेला उत्तर द्या, नकार असला तरी. स्पष्ट नकार माणसं पचवतात. अधांतरी ठेवलेलं त्यांना पोखरत राहतं. मीटिंगमध्ये आपलं मत शेवटी सांगा, आधी बोललात तर बाकीचे फक्त माना डोलावतील. एखाद्यावर निर्णय सोपवलात आणि नंतर तो बदलावा लागला, तर आधी त्याला एकट्याला कारणासह सांगा, मग सगळ्यांना. आणि जे सांगता येत नाही, पगाराचं असो वा कपातीचं, तिथे "मला माहीत आहे, पण आत्ता सांगू शकत नाही" एवढं म्हणा. "मला काहीच कल्पना नाही" म्हणालात आणि महिन्याने खरं बाहेर आलं, तर पुढचं एकही वाक्य कुणी खरं मानणार नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तो माणूस दुष्ट आहे असं मला वाटत नाही. क्लायंटने प्रश्न टाकला, तो घाबरला, आणि हाताशी आलेली पहिली ढाल उचलली. ती ढाल एक माणूस होती, नोकरीला चार महिने झालेली. म्यूटवर बसून तिने तो कॉल कसा ऐकला असेल, हे मनातून जात नाही.

ती माफी अजून दुरुस्त करता येईल. जिथे बोललात तिथेच, त्याच लोकांसमोर, एका दिवसाच्या आत. "पण" हा शब्द एकदाही न वापरता. उद्या अकरा वाजता तोच कॉल आहे, तोच क्लायंट, तेच सहा जण. पहिल्याच मिनिटाला एवढं म्हणायचं: "काल मी चुकीचं सांगितलं. टीमने ही अडचण मला मंगळवारीच सांगितली होती. मी ती तुमच्यापर्यंत पोहोचवली नाही. यापुढे अशी गोष्ट त्याच दिवशी तुम्हाला कळवेन."