सारागढीच्या एकवीस जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला नव्हता

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, व्हिक्टोरिया क्रॉसचा चांगला फोटो कुठे मिळेल? मला चार्टवर एकवीस चिकटवायचेत." व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. भाची आठवीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे आणि विषय तिने स्वतः निवडलाय, सारागढीची लढाई. भाषण वाचून दाखव म्हटलं, तर दुसऱ्याच वाक्याला लक्षात आलं की हा दर सप्टेंबरात फोनवर फिरणारा निरोप आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलेला, पोरीने सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलेला. शिक्षकांनी त्याखाली "उत्तम माहिती" असा शेराही दिलाय.

माझा राग पोरीवर नाही. तिने मोठ्यांवर विश्वास ठेवला. राग आहे तो "खरा इतिहास" असं वर लिहून पुढे ढकलणाऱ्या आपल्यासारख्या मोठ्यांवर. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निरोपातले दावे थोडक्यात असे. २१ शिखांनी १२,००० अफगाण आक्रमकांपैकी १,४०० कापून काढले आणि इस्लामी आक्रमणापासून हिंदुस्थान वाचवला. इंग्रज अधिकारी लांबून मजा बघत राहिले. नंतर राणी व्हिक्टोरियाने पार्लमेंटमध्ये उभं राहून त्यांना मानवंदना दिली आणि एकवीसही जणांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. युनेस्कोने ही लढाई जगातल्या आठ सर्वश्रेष्ठ शौर्यकथांत घेतली आहे, फ्रान्समध्ये ती शाळेत शिकवतात, आपल्याकडे मात्र मुद्दाम दडपली.

आधी जे घडलं ते. १२ सप्टेंबर १८९७, रविवार. वायव्य सरहद्दीवर, आज पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात येणाऱ्या सामाना डोंगररांगेवर ब्रिटिशांचे दोन किल्ले होते, लॉकहार्ट आणि गुलिस्तान. ते एकमेकांना दिसत नव्हते, म्हणून मधल्या उंचवट्यावर सारागढीची चौकी बांधलेली. तिचं मुख्य काम एकच, आरशाने उन्हाचे कवडसे पाडून इकडचा निरोप तिकडे पोचवायचा. या यंत्राला हेलिओग्राफ म्हणतात. त्या दिवशी चौकीत ३६व्या शीख पलटणीचे २१ जण होते, त्यांचा म्होरक्या हवालदार ईशरसिंग. सकाळी नऊच्या सुमारास ओरकझाई आणि आफ्रिदी टोळ्यांनी चौकीला वेढा घातला. दुपारी साडेतीनच्या आसपास सगळं संपलं. एकवीसपैकी एकही जण वाचला नाही, एकानेही शस्त्र खाली ठेवलं नाही. हे सगळं खरं आहे, त्यात कुणाचा वाद नाही.

आता व्हिक्टोरिया क्रॉस. १८९७ साली हे पदक हिंदी शिपायाला मिळूच शकत नव्हतं. ते हिंदी सैनिकांसाठी खुलं झालं १९११ मध्ये, आणि पहिल्यांदा मिळालं ते पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या लढाईसाठी, खुदादाद खान या शिपायाला. आपल्या मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना ते मिळालं दुसऱ्या महायुद्धात, इटलीत. इतकंच नाही, त्या काळी मेलेल्या माणसाला व्हिक्टोरिया क्रॉस द्यायची पद्धतच नव्हती. सारागढीच्या महिनाभर आधी, १७ ऑगस्ट १८९७ ला, याच सरहद्दीवर वरच्या स्वात खोऱ्यात लेफ्टनंट हेक्टर मॅक्लीन हा गोरा अधिकारी जखमी साथीदाराला वाचवताना मारला गेला. त्याच्याबरोबरच्या दोन अधिकाऱ्यांना क्रॉस मिळाला. मॅक्लीनला मिळाला नाही, कारण तो जिवंत राहिला नाही. त्याचं पदक दहा वर्षांनी, १९०७ मध्ये जाहीर झालं. गोऱ्या लेफ्टनंटची ही गत, तर शीख शिपायाला तो त्याच वर्षी कोण देणार?

मग त्यांना काय मिळालं? इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, तिसरा वर्ग. हिंदी शिपायासाठी तेव्हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान हाच होता, आणि एकाच लढाईसाठी तो एकवीसही जणांना दिला गेला. घरच्यांना प्रत्येकी ५०० रुपये आणि दोन मुरब्बे, म्हणजे पन्नास एकर जमीन. इथे एक गोष्ट मान्य करतो. "तो सन्मान व्हिक्टोरिया क्रॉसच्या तोडीचा मानला जायचा" असं कुणी लिहिलं असतं, तर मी गप्प बसलो असतो. पण "तोडीचा" हा शब्द पुढे पाठवता पाठवता गळला, आणि त्याबरोबर खरी गोष्टही गेली, की रंगावरून पदकं वेगळी ठेवली जात होती. पोरीच्या भाषणात सांगण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.

राणीची मानवंदना तर सरळ कपोलकल्पित आहे. राणी व्हिक्टोरियाने पार्लमेंटचं उद्घाटन शेवटचं स्वतः केलं ते १८८६ मध्ये. १८९७ चं अधिवेशन ऑगस्टच्या सुरुवातीलाच संपलं होतं आणि पुढचं भरलं फेब्रुवारी १८९८ मध्ये. सारागढी पडली तेव्हा सभागृह रिकामं होतं.

युनेस्कोचं थोडक्यात. ही संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली. ती वारसास्थळांच्या, परंपरांच्या, दस्तऐवजांच्या याद्या करते, लढायांची क्रमवारी लावत नाही. फ्रान्सच्या शाळांबद्दल, हा दावा करणाऱ्याने एका पाठ्यपुस्तकाचं नाव तरी द्यावं.

पण मला ज्या वाक्याने झोप लागली नाही ते वेगळं होतं. "इस्लामी आक्रमणापासून हिंदुस्थान वाचवला." तेरा वर्षांची मुलगी हे माईकवर म्हणणार, वर्गातली मुसलमान मुलं समोर बसलेली असणार.

कोण कुणावर आक्रमण करत होतं? सामाना डोंगर ब्रिटिशांनी ताब्यात घेतला १८९१ मध्ये, सारागढीच्या फक्त सहा वर्षं आधी, आणि मग त्यावर किल्ले बांधले. अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली ड्युरंड रेषा ठरली १८९३ मध्ये. आपल्याच डोंगरावर परक्याची चौकी बसलेली टोळ्यांना सहन होत नव्हती. १८९७ च्या जुलैत मलाकंदला उठाव झाला आणि महिन्याभरात तो सरहद्दभर पसरला. टोळ्यांच्या मुल्लांनी जिहादची हाक दिली होती, हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण चौकीवर चालून आलेले लोक अफगाणिस्तानच्या अमिराचं सैन्य नव्हते आणि दिल्लीकडेही निघाले नव्हते. ते त्याच दऱ्यांत राहणारे होते. आणि ऑगस्टच्या अखेरीस खैबर खिंडीत लंडी कोतलची चौकी आफ्रिदींच्या हल्ल्यात लढवत कोण होतं? खैबर रायफल्स, ब्रिटिशांची स्थानिक पलटण. त्यांच्यात आफ्रिदी होते, म्हणजे मुसलमान, आणि स्वतःच्याच भाऊबंदांशी लढत होते. शीख विरुद्ध मुसलमान अशी रेघ ओढायची, तर या माणसांना कुठल्या बाजूला बसवणार? सारागढीच्या काही वृत्तांतांत दाद नावाच्या एका सेवकाचा उल्लेख येतो. तो शिपाई नव्हता, तोही त्याच चौकीत मेला. त्याचं नाव कुठल्याच निरोपात नसतं.

बरं, ते एकवीस जण हिंदुस्थानसाठी लढले की कुणासाठी, याचं उत्तर द्यायला माझी गरज नाही. अमृतसरला सारागढीचा गुरुद्वारा आहे. सुवर्ण मंदिराकडे जाणारी गर्दी बाजूने निघून जाते इतका तो लहान आहे. काही वर्षांपूर्वी गेलो तेव्हा तिथल्या स्मारकशिलेवरचा इंग्रजी मजकूर उभ्या उभ्या वहीत उतरवून घेतला होता. ती शिला ब्रिटिश सरकारनेच बसवलेली. तिच्यावरच्या मजकुराचा आशय असा: हे वीर सारागढीच्या बचावात, प्रचंड संख्येच्या शत्रूशी लढताना, आपापल्या जागी मेले आणि त्यांनी आपल्या राणीवरची, हिंदुस्थानच्या सम्राज्ञीवरची निष्ठा सिद्ध केली. निष्ठा कुणावर, हे दगडात कोरलेलं आहे. लढाईच्याच आठवड्यात मुंबईच्या हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालू होता. सारागढी पडली १२ तारखेला, टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली १४ तारखेला, त्याच राणीच्या नावाने. ईशरसिंग आणि त्याचे साथीदार पगारी शिपाई होते. पलटणीची इज्जत, खाल्लेल्या मिठाची जाणीव आणि शेजारच्या साथीदाराला सोडायचं नाही ही जिद्द, यांवर ते लढले. मला हे कमी वाटत नाही. त्यांच्या तोंडात आपल्या काळाची घोषणा कोंबणं हा मात्र त्यांचाच अपमान आहे.

त्या शिलेवर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. मारलेल्या शत्रूंचा आकडा तिच्यावर नाही. सैन्याला स्वतःची फुशारकी मारायची असती तर तीच जागा होती. १,४०० हा आकडा कुणी मोजला? आत होते ते सगळे मेले. आपल्याला जे माहीत आहे ते आरशावरून गेलेल्या निरोपांवरून, दोन किल्ल्यांवरून दुर्बिणीतून जे दिसलं त्यावरून, आणि नंतर टोळ्यांनी जे सांगितलं त्यावरून. टोळ्यांनी स्वतःचे मेलेले १८० च्या आसपास सांगितले. चौकीभोवती ६०० प्रेतं पडली होती असंही वाचायला मिळतं, पण १४ तारखेला त्याच उंचवट्यावर ब्रिटिश तोफा चालल्या होत्या, तेव्हा कोण कशाने मेलं हे सांगता येत नाही. हल्लेखोर १०,००० ते १२,००० होते हा अंदाज मात्र अगदी हवेतला नाही, लॉकहार्टवरून बघणाऱ्यांचाच तो अंदाज होता. एकेक गोळी भरून उडवायच्या मार्टिनी हेन्री बंदुका घेतलेली २१ माणसं सहा-साडेसहा तास टिकली. आकडा फुगवून यात काय वाढणार आहे?

इंग्रज अधिकारी मजा बघत होते, हेही खोटं. पलटणीचा प्रमुख कर्नल हॉटन लॉकहार्टवर होता. त्याच्याकडेही माणसं थोडीच होती आणि मधली वाट टोळ्यांनी अडवली होती. तरी मदत पोचवायचे प्रयत्न झाले, ते पुरे पडले नाहीत. गुलिस्तानवरून मेजर दे व्हो याला दिसत होतं की चौकीतून न दिसणाऱ्या कोपऱ्याखाली माणसं भिंत पोखरतायत. तो इशारे देत राहिला. चौकीत ते कुणी पाहिले नाहीत, आणि अखेर भिंत तिथूनच फुटली. हॉटन स्वतः साडेचार महिन्यांनी, २९ जानेवारी १८९८ ला, याच सरहद्दीवर लढताना मारला गेला. ब्रिटिश राजवटीवर टीका करायला खरी कारणं ढीगभर आहेत, हे त्यातलं नाही.

दडपली म्हणाल, तर फिरोजपूरचं स्मारक १९०४ पासून उभं आहे, आणि ३६व्या शीख पलटणीची आजची वारसदार, शीख रेजिमेंटची चौथी बटालियन, दर १२ सप्टेंबरला सारागढी दिन पाळते. माझ्या शाळेच्या पुस्तकात ही लढाई नव्हती, एवढं कबूल.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. आधी रडकुंडीला आली, पाठ झालेलं भाषण मोडायचं होतं. मग तिने विचारलं, "मग मी सांगू काय?" मी तिला चौकीतून निरोप पाठवणाऱ्या गुरमुखसिंगचं सांगितलं. हेलिओग्राफवर सहसा दोन-तीन माणसं लागतात. एक दुर्बिणीतून समोरचा निरोप वाचतो, एक लिहून घेतो, एक कळ दाबून आरसा हलवतो. गुरमुखसिंगने ते एकट्याने केलं. वेढा पडला, भिंत फुटली, साथीदार पडत गेले, तो लॉकहार्टकडे कवडसा पाडत राहिला. शेवटी त्याने निरोपातून परवानगी मागितली, यंत्र बंद करून बंदूक घेऊ का? परवानगी आली. त्याने आरसा उतरवला, आणि त्यानंतर सारागढीवरून काही चमकलं नाही. निरोपवाले इथे त्याच्या नावावर वीस बळी चढवतात. ते कुणी पाहिलं नाही. परवानगी मागितलेली मात्र लॉकहार्टवर वाचली गेली.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी आता ती चार्टवर एकवीस नावं हाताने लिहितेय, माझ्या वहीतून उतरवून. काल परत फोन आला. "मामा, यादीत चूक आहे. गुरमुखसिंग दोनदा आलाय, आणि जीवनसिंग तीनदा. एकेकच ठेवू ना?"

म्हटलं, नाही, सगळे ठेव. दोन गुरमुखसिंग होते, आणि जीवनसिंग तिघे होते.