डाव्या हातचा मळ

"रेस म्हणजे काय बे, माझ्या डाव्या हातचा मळ!" गेल्या जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, भज्यांचा कागद हातात धरून मी हे बोलून बसलो. समोर मौत का कुआं चालू होता. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर एक किडकिडीत पोरगा सायलेन्सर काढलेली गाडी फिरवत होता आणि दोन्ही हात सोडून लोकांच्या हातातल्या दहा-दहाच्या नोटा ओढत होता. शेजारी मेव्हणा उभा होता. त्याने विचारलं, "दाजी, तुम्हीपण पूर्वी असलंच कायतरी करत होता ना?"

हे 'असलंच कायतरी' मला लागलं. सहा सीझन डर्ट ट्रॅकवर, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल रेसमध्ये काढलेत मी. २०१५ साली सी. एस. संतोष या रेसरने मोटारसायकलवर लांब पल्ल्याची डाकार रॅली पूर्ण केली आणि असं करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या आठवड्यात मी पार्क चौकात चहा पाजून पाजून लोकांना सांगत होतो की दुसरा कोण ते तुमच्यासमोर बसलंय. पुढे एका टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून उतरताना गळ्याजवळचं डावं हाड मोडलं. रेसवाल्यांचं हे ठरलेलं हाड. पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि सगळा मार जाऊन तिथे बसतो. हाड दोन-अडीच महिन्यांत जुळलं. पण तेवढ्यात लग्नही जुळलं, मग मुलगी झाली, होटगी रोडला फ्लॅट झाला, आणि गाडी पाच वर्षं लष्कर भागातल्या उस्तादांच्या गॅरेजमध्ये चादरीखाली राहिली. चादर सोलापुरी, त्यामुळे तिचा रंग शाबूत होता. गाडीचा नव्हता.

या पाच वर्षांत मी स्कूटर चालवली. हे वाक्य साधं वाटतं, पण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. स्कूटर माणसाला काहीही करू देत नाही. गिअर नाही, क्लच नाही, पायाला काम नाही. पाय शेजारी शेजारी ठेवायचे आणि मध्ये ज्वारीच्या पिठाचा डबा धरायचा. डाव्या हाताला मागचा ब्रेक आणि डाव्या अंगठ्याला हॉर्न. सोलापुरात यातला हॉर्न महत्त्वाचा, ब्रेक हौसेला.

पुन्हा रेसला उतरतोय असं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, एवढीच हौस असेल तर त्या विहिरीवाल्याकडे नोकरी धरा. निदान रोजच्या नोटा तरी मिळतील." रेसिंगची पँट चढेना तेव्हा मात्र ती मदतीला आली. पोट आत, श्वास वर, चेन अर्ध्यात. त्याचं वर्णन नको. हुरडा दरवर्षी येतो एवढंच म्हणतो.

उस्तादांनी चादर काढली, दोन किका मारल्या, आणि माझी यामाहा आरएक्स १०० तिच्या अठ्ठ्याण्णव सीसीच्या त्या कर्कश आवाजात बोलू लागली. ऑइल पंप आम्ही पूर्वीच काढला होता, टू-स्ट्रोक इंजिनाचं टूटी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. तो निळा धूर नाकात गेला आणि मला खरोखर भरून आलं. "मालक, गाडीचं मी बघतो, तुमचं तुम्ही बघा," उस्ताद म्हणाले. बटन टायर चढले. नियमाप्रमाणे हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, स्टँड, हॉर्न असं सगळं उतरलं. पडल्यावर इंजिन चटकन बंद करता यावं म्हणून किल स्विच मात्र लागतोच. उस्ताद अभिमानाने म्हणाले, "हॉर्नचं बटन रिकामंच होतं की. त्यातच किल जोडला. नवीन स्विचचा खर्च वाचला."

मी म्हटलं, "वा उस्ताद!" दाद देऊन मोकळा झालो. माणसाची बुद्धी कुठे फिरते बघा.

रेसच्या दिवशी पहाटे पाचला नळाला पाणी आलं. सोलापूरकराला यापुढे काही सांगायला नको. तीन-चार दिवसांआड येणारं पाणी सोडून रेसला जाणारा माणूस या गावात तरी जन्मायचा आहे. मोटार जळालेली, म्हणून मी बादल्यांनी दोन जिने चढून पिंप भरलं. सात वाजता कोपरापासून पुढचे दोन्ही हात ठणकत होते आणि रेस अजून मंगळवेढा रोडपलीकडे एका पड रानात माझी वाट बघत होती.

रान काळ्या मातीचं. ही माती कोरडी असली की भेगाळते आणि भिजली की टायरला अशी धरते की चाक फिरायचंच बंद होतं. म्हणून आयोजकांनी वर मुरूम टाकला होता, जेसीबीने उंचवटे उठवले होते आणि टँकर पाणी मारत होता. माझ्या घरी पिंप, इथे आख्खा टँकर रस्त्यावर. मला बघवेना.

तपासणीच्या रांगेत गाडी नेली. तपासणीस भला माणूस. त्याने लिव्हरच्या टोकांना गोळ्या आहेत का पाहिलं (टोक उघडं असलं तर पडताना पोटात घुसतं), चेन दाबून पाहिली, किल स्विच चालतो का पाहिलं आणि म्हणाला, "ओके काका." काका! मी रुबाबात उतरलो, डाव्या पायाने साईड स्टँड काढला आणि हेल्मेट घ्यायला वळलो. स्टँड गॅरेजात होता. गाडी बिचारी सावकाश कलली आणि तपासणीसाच्या टेबलावर जाऊन आडवी झाली.

"झोप झाली नाही का काका?" मागून कुणीतरी विचारलं. पोरगं वीस-बावीसचं असेल.

सरावाच्या फेरीत दुसरा घोटाळा. पहिलं वळण आलं, गाडी जोरात होती, मी डाव्या हाताने करकचून ब्रेक दाबला. रेसच्या गाडीला डावीकडे क्लच असतो. इंजिन मोकळं सुटलं, आवाज गगनाला भिडला आणि वेग तसूभर कमी झाला नाही. बांधावर उभे असलेले लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी थेट त्यांच्याकडेच येत होतो. शेवटी उजवा पाय आठवला आणि मी एका बाभळीपासून हातभर अलीकडे थांबलो. उस्ताद धावत आले. "मालक, वळायचं होतं."

"वळणाची लाइन बघत होतो," मी म्हटलं.

रेसला अकरा गाड्या होत्या. सुरुवात बरी झाली, अगदी खरं सांगतो, पहिल्या उंचवट्यावर मी सहावा होतो. पहिली उडीही छान बसली. चाकं जमिनीवरून सुटतात तेव्हा क्षणभर सगळं गप्प होतं, पिंप, हप्ते, मेव्हणा, सगळं. मग गाडी आपटते आणि आवाज परत येतो. त्या क्षणासाठी मी पुन्हा पँटमध्ये शिरायला तयार आहे.

दुसऱ्या फेरीत हात गेले. हँडल घट्ट आवळलं की मनगटामागचे स्नायू फुगून दगड होतात, बोटं उघडत नाहीत आणि मिटतही नाहीत. यावर उपाय सगळ्यांना पाठ आहे, टाकी गुडघ्यांनी धरायची आणि हात सैल सोडायचे. पण माझे गुडघे पाच वर्षं पिठाच्या डब्याच्या दोन बाजूंना राहिलेले. ते मिटायला तयार नव्हते. त्यात सकाळच्या वीस बादल्या. चौथ्या फेरीत मार्शलने मला निळा झेंडा दाखवला. म्हणजे मागून पहिला येतोय, वाट द्या. माझ्या पुढे एक हिरव्या जर्सीवाला डुलत चालला होता, तोही माझ्यासारखाच थकलेला, वळणाच्या बरोबर मधोमध. त्याला काही केल्या बाजूला व्हायचं सुचेना. मागून फटफटाट जवळ येतोय, पुढे हा.

मी त्याला हॉर्न दिला.

म्हणजे अंगठा आपोआप गेला. सात रस्त्यावर, अशोक चौकात, जिथे तिथे जातो तसाच, चांगला दाबून. आणि एवढ्या धुरळ्यात, एवढ्या गोंगाटात माझ्यापुरती एकदम शांतता झाली. चेन खडखडत राहिली, बाकी काही नाही. हिरवा जर्सीवाला वळणापलीकडे गेला. पहिल्या नंबरचा माणूस माझ्या अंगावर मुरूम उडवून गेला, पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. मला वाटलं प्लग गेला. मी गाडी कडेला ढकलून किका मारत राहिलो आणि पुढचा माणूस आला की घाबरून पुन्हा तेच बटन दाबत राहिलो.

रेस संपल्यावर उस्तादांनी पहिल्या किकेत गाडी चालू केली. "प्लग गेला होता," मी म्हटलं. त्यांनी नुसतं हँडलकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे. "मालक," ते हळूच म्हणाले, "तुम्ही हॉर्न मारला व्हय?"

ही बातमी मी घरी पोचण्याआधी घरी पोचली. मेव्हण्याचा फोन आला तो नुसता पीप पीप असा.

सोमवारी संध्याकाळी पिठाची गिरणी करून आम्ही दोघं स्कूटरवर परत निघालो. हात अजून वर उचलत नव्हते. भाकरी मोडायला बायको लागत होती, आणि ती कडक भाकरीही नव्हती. सात रस्त्याला सिग्नल हिरवा झाला, पुढचा रिक्षावाला मात्र मान बाहेर काढून कुणाशी तरी बोलत बसला होता. मागून दहा-बारा हॉर्न सुरू झाले. माझा अंगठा बटनावर गेला आणि तिथेच थांबला.

"अहो," बायको मागून म्हणाली, "हॉर्न द्या की!"