डी-थ्रीचं पाकीट म्हणजे बडीशेप नव्हे

‘चाळिशी ओलांडली की प्रत्येकाने दर रविवारी डी-थ्रीचं एक पाकीट दुधात घालून प्यायचं, जन्मभर. हाडं मोडत नाहीत, गुडघे कुरकुरत नाहीत. पाकीट नको असेल तर खिडकीत बसून सकाळचं कोवळं ऊन घ्या. जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तरी लघवीवाटे निघून जातं.’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. डी-थ्री म्हणजे ड जीवनसत्त्वच; त्याच्याशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक पाहू.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं, म्हणून आधी तेच. लघवीवाटे निघून जातात ती ब आणि क, पाण्यात विरघळणारी. ड चरबीत विरघळतं आणि शरीरात साठून राहतं. आता पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा : ६०,००० आय.यू. (जीवनसत्त्व मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक). आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने प्रौढांसाठी सांगितलेली रोजची मात्रा आहे ६०० आय.यू. म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांचा शिधा. दर आठवड्याला एक, हा हिशेब रोजच्या साडेआठ हजारांवर जातो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने प्रौढांसाठी घालून दिलेली वरची मर्यादा रोज ४,००० ची आहे. तपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर हेच पाकीट साधारण आठ आठवडे देतात, मग मात्रा कमी करतात. तो उपचार झाला. मेसेजवाल्याने ‘आठ आठवडे’ पुसून ‘जन्मभर’ लिहिलं!

त्यात आठवड्याचं पाकीट चुकून रोज घेतलं गेलं, तर आणखी पंचाईत. रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वरचेवर लघवी, आणि म्हाताऱ्या माणसांत असंबद्ध बोलणं. घरचे म्हणतात ‘वय झालं’, आणि तिकडे मूत्रपिंडं खराब होत असतात.

‘हाडं मोडत नाहीत’? अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत पन्नाशीपुढची २५,८७१ माणसं होती. निम्म्यांना रोज २,००० आय.यू., निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. पाचेक वर्षांच्या पाहणीचा निकाल २०२२ मध्ये आला : हाडं मोडण्याच्या प्रमाणात फरक नाही. ही माणसं कमतरता बघून निवडलेली नव्हती, त्यामुळे ‘ड निरुपयोगी’ असा अर्थ कुणी काढू नये. ज्याच्या अंगात पुरेसं आहे त्याला वरून ओतून फायदा नाही, इतकंच. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या २,२५६ बायकांवर वर्षातून एकदाच ५ लाख आय.यू. देण्याचा प्रयोग झाला. २०१० मध्ये निकाल लागला तेव्हा डोस घेतलेल्या बायकाच जास्त पडल्या होत्या, आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली होती. ‘एकच मोठं इंजेक्शन द्या, वर्षाची कटकट नको’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

गुडघ्यांचं काय? या वयातली गुडघेदुखी बहुधा कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या गादीच्या, झिजेची असते. पाकिटाने कूर्चा भरून येत नाही.

कोवळ्या उन्हात बसायला छान वाटतं, पण ड तयार करणारे अतिनील-बी किरण त्यात नावापुरतेच असतात आणि खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं.

राहिला ‘प्रत्येकाने’ हा शब्द. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेचा २०२४ चा सल्ला असा, की पंचाहत्तरीच्या आतल्या निरोगी प्रौढांनी रोजच्या गरजेपेक्षा जास्त ड घेऊ नये आणि उगाच रक्तही तपासत बसू नये. पंचाहत्तरीपुढचे, गरोदर बायका, फिट्सच्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेले, उन्हाचं तोंडही न पाहणारे, यांची गोष्ट वेगळी; त्यांनी डॉक्टरांना विचारावं. आणि बाथरूममध्ये साधं घसरून मनगट मोडलं असेल, तर पाकिटांवर दिवस काढू नका. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. हाडं ठिसूळ निघाली तर अलेंड्रोनेटसारखी वेगळी औषधं लागतात, आणि ती सुरू करायला उशीर झाला तर पुढची पाळी खुब्याची असू शकते.